इंजिन जास्त कॉम्प्रेशनचं, मग पेट्रोल किती ऑक्टेनचं? ठरवण्याची रीत, पायरीपायरीने

"माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन ११.६ आहे. ९५ टाकू की थेट १००?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, आणि बहुतेक वेळा विचारणारा पंपावर रांगेत उभा असतो. (कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा.) ऑक्टेन ठरवायचं काम त्याच्या बरंच आधी सुरू व्हायला हवं. आधी गाडीची पुस्तिका, मग इंजिनाची तब्येत, मग चढावर स्वतःच्या कानाने केलेली परीक्षा, आणि सगळ्यात शेवटी पंप. लोक हा क्रम उलटा करतात. महिनोन्‌महिने महाग पेट्रोल टाकतात, नॉकिंग (भाराखाली इंजिनातून येणारी खडखड) तसंच राहतं, आणि खरा दोष इंजिनात वाढत जातो.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं जमवा: गाडीची मालकपुस्तिका, प्लग खोलायचा पाना, टॉर्च, नोंदी ठेवायला वही किंवा फोन, आणि रोजच्या माहितीतला एक लांब चढ. पूर्ण परीक्षेला तीन-चार टाक्या लागतात. तेवढा धीर नसेल तर पायरी २ पर्यंत वाचा आणि पुस्तिकेत लिहिलंय तेच टाका. तुमचं काहीही बिघडणार नाही.

## पायरी १: पंपावरचा आकडा नक्की काय सांगतो

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेट घ्यायला ते पेट्रोल किती विरोध करतं, त्याचं हे माप आहे. सिलिंडरमध्ये प्लगपाशी ज्योत सुरू होते आणि पसरत जाते. ती पोचण्याआधी कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने तापून एकदम पेटलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तेच नॉकिंग. कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकं ते कोपऱ्यातलं मिश्रण आधीच तापलेलं असतं, म्हणून जास्त ऑक्टेनची गरज पडते.

भारतात पंपावर दिसणारा आकडा आरओएनचा, म्हणजे 'रिसर्च ऑक्टेन नंबर'चा असतो. बीएस६ च्या (प्रदूषण-नियमांच्या) मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला किमान ९५ आरओएन ठरलेला होता. अमेरिकेत मात्र पंपावर आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीतला 'मोटर ऑक्टेन नंबर') या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे ढोबळमानाने आपलं ९१, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. न्यू जर्सीच्या मावसभावाने "मी ९१ टाकतो, मस्त चालते" असं सांगितलं तर तो आपल्याकडच्या ९५ बद्दल बोलतोय. युरोपातले आकडे आपल्यासारखेच आरओएनचे असतात, ते जसेच्या तसे घ्या.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी अजून बऱ्याच जणांच्या हिशोबात आलेली नाही. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा आरओएन ९१ वरून ९५ पर्यंत गेला आहे. म्हणजे "साधं ९१ की प्रीमियम ९५" हा जुना वाद साध्या नोझलला ई२० आल्यावर बराचसा निकालात निघतो. सवयीने ९५ साठी जादा पैसे मोजत असाल तर आधी हे तपासा.

सावधान: प्रीमियम पेट्रोलच्या नावात 'पॉवर', 'स्पीड' असे शब्द असतात. नावावरून ऑक्टेन कळत नाही. नोझलवर किंवा मशीनवर ९५, ९७, ९९, १०० असा आकडा लिहिलेला असेल तोच धरा. आकडा नसेल तर विचारा. काही महाग पेट्रोलमध्ये ऑक्टेनऐवजी फक्त इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं जास्त घातलेली असतात. त्यांचाही उपयोग आहे, पण तो वेगळा विषय झाला.

## पायरी २: पुस्तिकेतला एक शब्द शोधा

पुस्तिकेतलं इंधनाचं पान काढा आणि टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर बघा. आकडा तर वाचाच, पण त्याच्या मागचा शब्दही वाचा. 'किमान ९१' आणि '९५ ची शिफारस' यात मोठा फरक आहे.

'किमान' लिहिलं असेल तर त्याखाली जायचं नाही, आणि त्याच्या वर जाण्याची गरजही कंपनीने गृहीत धरलेली नाही. 'शिफारस ९५, किमान ९१' असं दोन्ही असेल तर गाडी ९१ वर सुरक्षित चालेल, पण ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इग्निशन थोडं मागे घेईल, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडेल, आणि उन्हात, चढावर ताकद जराशी कमी वाटेल. 'किमान ९५' असेल तर चर्चा संपली. ९५ हा तळ धरा.

पुस्तिका भारतातल्या मॉडेलची आहे ना, हे पाहा. एकाच नावाच्या गाडीचं परदेशातलं ट्यूनिंग वेगळं असू शकतं आणि इंटरनेटवर मिळणारी पीडीएफ बहुधा परदेशातलीच असते. त्याच पानावर ई१० की ई२० तेही लिहिलेलं असतं. जुनी गाडी ई२० साठी बनलेली नसेल तर रबरी पाइप आणि ओ-रिंगची काळजी हा स्वतंत्र प्रश्न आहे. जास्त ऑक्टेन टाकून तो सुटत नाही.

## पायरी ३: कॉम्प्रेशनचा आकडा किती मनावर घ्यायचा

"१० च्या वर गेलं की ९५, १२ च्या वर १००" असा तक्ता सगळीकडे फिरतो. मी तसा तक्ता देणार नाही, कारण रस्त्यावरच्या गाड्याच तो खोटा ठरवतात. मारुतीच्या स्विफ्टमधल्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ होतं आणि ते भारतातल्या साध्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच बनवलेलं होतं. उलट १० कॉम्प्रेशनचं टर्बो इंजिन जास्त कटकट करू शकतं, कारण टर्बो आधीच दाबलेली हवा आत ढकलतो.

कॉम्प्रेशनबरोबर आणखी चार गोष्टी बघाव्या लागतात.

सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास. यामाहा आर१५ चं कॉम्प्रेशन ११.६ आणि बोअर ५८ मिमी. ३७३ सीसीच्या केटीएम ३९० चं कॉम्प्रेशन १२.८८ आणि बोअर ८९ मिमी. मोठ्या बोअरमध्ये ज्योतीला कडेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कोपऱ्यातलं मिश्रण पेटायची संधी साधतं. म्हणून दोन्ही आकडे 'जास्त' असले तरी दोन्ही इंजिनांची गरज सारखी नाही.

थंड ठेवण्याची पद्धत. रेडिएटरचं इंजिन हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा जास्त कॉम्प्रेशन पचवतं.

टर्बो आहे का, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं का. थेट फवारलेलं पेट्रोल आतली हवा थंड करतं, त्यामुळे थोडी सवलत मिळते.

चौथी गोष्ट निर्णायक आहे: नॉक सेन्सर. हा सेन्सर ब्लॉकला घट्ट बसवलेला असतो आणि नॉकिंगची कंपनं ऐकून ईसीयूला कळवतो. कळलं की ईसीयू ठिणगी उशिरा पाडतं. बहुतेक आधुनिक कारमध्ये तो असतो, अनेक दुचाकींत नसतो. सेन्सर नसलेल्या गाडीचं इग्निशन ठरलेल्या नकाशावरच (मॅप, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा आधीच भरलेला तक्ता) चालतं. ती साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल तर १०० ऑक्टेन टाकून तिला एक कणही जास्त ताकद मिळणार नाही, कारण जादा ऑक्टेनचा फायदा घ्यायची सोयच तिच्यात नाही. हे एक वाक्य समजलं तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

बुलेटवाल्यांसाठी: क्लासिक ३५० च्या सध्याच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.५ आहे. तिला १०० ऑक्टेन पाजण्यात काहीच अर्थ नाही. इंजिनाला त्रास होणार नाही, पण पैसे वाया जातील.

## पायरी ४: पेट्रोल बदलण्याआधी इंजिन तपासा

लोक सर्रास टाळतात ती हीच पायरी. माझ्या ओळखीत ज्यांनी नॉकिंगची तक्रार आणली, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त गाड्या पेट्रोल न बदलता बऱ्या झाल्या.

मी स्वतः हा धडा खंबाटकीत शिकलो. मे महिना, दुपारचे दोन, मागे बायको आणि सॅडलबॅग. साताऱ्याकडे चढताना पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की काचेच्या बरणीत खडे हलवावेत तसा आवाज यायचा. मी ९५ टाकलं. आवाज कमी झाला, गेला नाही. पुढच्या वेळी महागातलं टाकलं, थोडा आणखी कमी. दोन महिन्यांनी रेडिएटर उघडला तर पात्यांमध्ये माती आणि किड्यांचा थर बसलेला, आणि कूलंट खालच्या खुणेच्याही खाली. रेडिएटर धुतला, कूलंट भरला. त्याच घाटात, साध्या पेट्रोलवर, आवाज पूर्ण बंद. दोन महिने मी महाग पेट्रोलने गरम इंजिन झाकत होतो.

म्हणून हा क्रम पाळा.

१. थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा. रेडिएटरच्या पात्या टॉर्च मारून पाहा. धुताना पाण्याचा जोर कमी ठेवा, पात्या वाकतात. पंखा वेळेवर सुरू होतो का तेही पाहा.

२. इंजिन ऑइलची पातळी आणि वय. कमी किंवा जुनाट ऑइलने इंजिन जास्त तापतं.

३. प्लग खोला. खालच्या पांढऱ्या चिनी मातीकडे टॉर्च धरून जवळून बघा. विटकरी-तपकिरी रंग चांगला. पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चंदेरी कण दिसले तर ती नॉकिंगची खूण आहे. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. ते दिसलं तर गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिककडे न्या. प्लगवरचा नंबर पुस्तिकेशी ताडून पाहा. कुणीतरी चुकीच्या हीट रेंजचा, जास्त तापणारा प्लग लावलेला असू शकतो.

४. एअर फिल्टर, आणि हवा आत शिरणाऱ्या रबरी नळीची चीर. चिरेतून फाजील हवा गेली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.

५. कार्बन. यावर थोडं थांबतो, कारण जास्त कॉम्प्रेशनच्या लहान इंजिनात याचा परिणाम भयंकर असतो. आर१५ चंच उदाहरण घ्या. १५५ सीसी, कॉम्प्रेशन ११.६. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा १५५ भागिले १०.६, साधारण १४.६ सीसी. त्यात फक्त अर्धा सीसी कार्बन साचला, म्हणजे पाण्याच्या दहाएक थेंबांएवढा, तर जागा १४.१ उरते आणि कॉम्प्रेशन १२ वर जातं. वर तो कार्बन निखाऱ्यासारखा तापून राहतो तो वेगळाच. गाडी बरीच चाललेली असेल, बहुतेक फिरणं शहरातलं असेल आणि नॉकिंग हळूहळू वाढत आलं असेल, तर संशय आधी कार्बनवर घ्या. प्लगच्या भोकातून बोअरस्कोपचा कॅमेरा घालणारा मेकॅनिक आता तालुक्याच्या गावीही सापडतो. हेड उघडण्याआधी कॅमेरा घालून बघायला सांगा.

तपासा: इंजिनाचं तापमान, प्लग, फिल्टर, कार्बन हे चारही ठीक आहेत असं खात्रीने म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. नाहीतर पुढच्या परीक्षेचा निकाल खोटा येईल.

## पायरी ५: तो आवाज नॉकिंगचाच आहे ना?

टॅपेटची टिकटिक, सैल टायमिंग चेन, सायलेन्सरवरच्या पत्र्याचा सुटलेला स्क्रू, हे सगळं लोक नॉकिंग म्हणून सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे. नॉकिंग भाराखाली येतं आणि थ्रॉटल जरा सोडला की त्या क्षणी थांबतं. न्यूट्रलमध्ये रेस करून येणारा आवाज नॉकिंगचा असण्याची शक्यता फार कमी. थंड इंजिनावर येऊन गरम झाल्यावर जाणारा आवाजही बहुधा दुसराच.

नॉक सेन्सर असलेल्या कारमध्ये नॉकिंग बहुधा कानाला ऐकू येणार नाही, कारण सेन्सरच्या इशाऱ्यावर ईसीयू आधीच इग्निशन मागे घेतं. तिथे ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावा आणि फोनवर इग्निशन टायमिंगचा आकडा बघा. थंड सकाळी आणि रणरणत्या दुपारी, त्याच चढावर, त्याच गिअर आणि आरपीएमवर हा आकडा बराच मागे येत असेल तर इंजिनाला जास्त ऑक्टेन उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

सावधान: पूर्ण वेगात, जास्त आरपीएमला सलग खडखड आली तर परीक्षा वगैरे विसरा. थ्रॉटल सोडा, कडेला घ्या. कमी आरपीएमवरचं थोडं नॉकिंग इंजिन काही काळ सोसतं. जास्त आरपीएमवरचं काही मिनिटांत पिस्टनला भोक पाडू शकतं.

## पायरी ६: टाकी बदला, पण मोजून

आता पंप. ज्याची विक्री चांगली आहे असा पंप निवडा. विशेषतः ९७ ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल कमी खपतं आणि सुस्त पंपाच्या टाकीत पडून राहतं.

भरताना मशीन शून्यावर आहे हे बघा. संशय आला तर फिल्टर पेपर मागा, तो देणं पंपाला बंधनकारक आहे. नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकायचा. पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. रॉकेल किंवा डिझेलची भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो. हलका रंग उरला तर घाबरू नका, तो पेट्रोलमध्ये घातलेल्या रंगाचा असतो. घनतेची नोंदही मागून पाहता येते.

पण एक लक्षात ठेवा. फिल्टर पेपर आणि घनता भेसळीबद्दल सांगतात, ऑक्टेनबद्दल नाही. ऑक्टेन मोजायला खास चाचणी-इंजिन लागतं. रस्त्यावर तुमच्याकडे असलेलं साधन म्हणजे तुमचं स्वतःचं इंजिन.

दुसरी चूक मिश्रणाची. ११ लिटरच्या टाकीत ९१ चं २ लिटर उरलं आणि वर ९५ चं ९ लिटर टाकलं तर मिळतं ते साधारण ९४.३. पुढच्या वेळी पुन्हा २ लिटर उरवून ९५ भरलं की ९४.९. म्हणून निकाल दुसऱ्या टाकीपासून धरा. पहिली टाकी फक्त जुनं पेट्रोल धुऊन काढायला. ईसीयूलाही नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला तेवढं चालणं लागतं.

भरण्याची तारीख, पंप, ऑक्टेन, लिटर, किलोमीटर आणि त्या दिवशीचं ऊन, हे सहा रकाने लिहा. बिल जपून ठेवा. एखाद्या ठिकाणी भरल्या-भरल्या नॉकिंग सुरू झालं तर ही नोंद आणि बिल हाच तुमचा पुरावा. तक्रार पंपावरच्या नोंदवहीत लिहूनच द्या.

## पायरी ७: चढावरची परीक्षा

चढ एकच ठेवा. पुणेकरांना खंबाटकी, नाशिकच्या वाटेवर कसारा, सावंतवाडीकरांना आंबोली. विदर्भात सपाटी असली तरी एप्रिल-मेचं ऊन आणि मागे बसलेला माणूस मिळून भार पुरेसा होतो.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, मागे ट्रक नाही हे बघून:

चढाला लागा. नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवा, म्हणजे आरपीएम कमी आणि भार जास्त. थ्रॉटल हळूहळू तीन-चतुर्थांशापर्यंत उघडा. तीन-चार सेकंद ऐका. आवाज आला की लगेच सोडा, गिअर खाली घ्या. आवाज आणखी मोठा होतो का हे बघत बसू नका, तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलं आहे. तीन वेळा करा. मग तोच चढ नेहमीच्या योग्य गिअरमध्ये करून बघा.

निकाल असे लावा. दोन्हीकडे शांत असेल तर हे पेट्रोल पुरेसं आहे, वर जायचं कारण नाही. फक्त मुद्दाम वर ठेवलेल्या गिअरमध्ये आवाज आला तर दोष चालवण्याच्या पद्धतीचा. गिअर वेळेवर खाली टाका, पेट्रोल तेच ठेवा. योग्य गिअरमध्येही आवाज आला आणि पायरी ४ निर्दोष असेल, तरच एक पायरी वरचं ऑक्टेन घ्या आणि परीक्षा पुन्हा करा. ९५ वर शांत झालं तर ९५ वर थांबा, १०० कडे धावू नका. १०० वरही आवाज राहिला तर पेट्रोलचा विषय संपला. पुन्हा पायरी ४.

तपासा: दोन्ही परीक्षांना ऊन, वजन आणि टायरमधली हवा सारखी होती का? डिसेंबरच्या सकाळी ९५ आणि मेच्या दुपारी साधं, अशी तुलना करून "९५ ने जादू केली" म्हणणारे खूप भेटतात. ती जादू थंडीची असते.

उंचीचंही असंच. हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये कमी हवा भरते, दाब कमी होतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची गरज घटते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. लडाखला निघालेले कित्येक जण तिथे प्रीमियम मिळेल का म्हणून काळजी करतात, ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या बांधून नेतात. जास्त ऑक्टेन लागलंच तर ते जाताना उन्हातल्या सपाटीवर लागतं, वर नाही.

## पायरी ८: पैशांचा हिशोब

समजा महिन्याला १,००० किमी, ॲव्हरेज ४५. म्हणजे २२ लिटर. दोन पेट्रोलमधला फरक लिटरला ९ रुपये धरला तर महिन्याला २०० रुपये जास्त. साधं १०५ रुपये असेल, तर हा फरक निव्वळ ॲव्हरेजमधून भरून निघायला ॲव्हरेज साडेआठ टक्क्यांहून जास्त वाढलं पाहिजे. म्हणजे ४५ चं जवळपास ४९. केवळ ऑक्टेनमुळे असं होत नाही. तुमच्या पंपावरचे दर घालून हा हिशोब स्वतः करा.

यात एक गफलत होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी असते. तुम्ही घेतलेल्या महाग पेट्रोलमध्ये इथेनॉल कमी असेल तर ॲव्हरेज थोडं वाढलेलं दिसेल, पण त्याचं श्रेय इथेनॉल कमी असण्याला आहे, ऑक्टेनला नाही.

"चार टाक्या साधं आणि एक टाकी १००, म्हणजे इंजिन साफ होतं" हा सल्ला ऐकू नका. नॉकिंग रोखायचं असेल तर ते प्रत्येक टाकीत रोखावं लागतं. गरज नसेल तर एका टाकीचीही नाही.

## इंजिनात बदल केला असेल तर

हेड घासून घेतलं, पातळ गॅस्केट टाकली, हाय-कॉम्प्रेशन पिस्टन बसवला किंवा ईसीयू रिमॅप केला (त्यातला मॅप बदलून घेतला), की पुस्तिकेतला आकडा संपला. तेव्हा नवं कॉम्प्रेशन अंदाजाने धरू नका, मोजून घ्या. हेडवर छिद्र असलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवायची आणि सिरिंजने पातळ तेल भरून चेंबरचे सीसी काढायचे. त्यात गॅस्केटच्या जाडीने वाढणारे सीसी मिळवायचे, पिस्टनच्या उठावाचे सीसी वजा करायचे. चांगला मशीनशॉप हे काम तासाभरात करतो.

रिमॅप करणाऱ्याकडून कोणत्या ऑक्टेनवर ट्यून केलं हे लिहून घ्या. १०० वर ट्यून करून घेतलेली गाडी कायम १०० मागणार. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, समजा कोकणात उतरल्यावर, १०० कुठे-कुठे मिळतं हे ट्यून करण्यापूर्वी शोधा. माझा सल्ला मागाल तर रोजच्या गाडीचा रिमॅप ९५ वरच करा.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल: '३० पॉइंट वाढतात' असं लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन असा अर्थ असतो. म्हणजे ९१ चे ९४, १२१ नव्हे. त्यांतल्या काहींमध्ये धातूची संयुगं असतात आणि त्यांचा थर प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. पंपावर ९५ मिळत असताना बाटलीची गरज नाही.

## हवं ते पेट्रोल मिळालंच नाही तर

किमान ९५ ची गाडी आणि आडरस्त्यावर फक्त ९१ आहे. टाकी फुल्ल करू नका, पुढच्या चांगल्या पंपापर्यंत पुरेल एवढंच घ्या. थ्रॉटल निम्म्याच्या आत ठेवा, चढावर एक गिअर खाली, आरपीएम मध्यम. भर दुपारचा चढ टाळता आला तर टाळा. टर्बो कार असेल तर स्पोर्ट मोड बंद. पुढच्या पंपावर ९७ किंवा १०० मिळालं तर ते टाकून सरासरी वर आणता येते. निम्मी टाकी ९१ ची आणि निम्मी ९९ ची, म्हणजे साधारण ९५.

## पावसाळा आणि उभी गाडी

इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. वर उरतं ते इथेनॉल गेलेलं, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल. गाडी आधी तळाचं पाणी ओढते आणि अडखळते, मग वरचं पेट्रोल ओढते आणि नॉक करते. कोकणात जून ते सप्टेंबर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे.

उपाय साधे आहेत. टाकीच्या झाकणाभोवती साचणारं पाणी वाहून नेणारी बारीक नळी मातीने बुजलेली असेल तर तारेने मोकळी करा. झाकणाचं रबर चिरलं असेल तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरलेली ठेवा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. बाटलीत थोडं पेट्रोल काढून बघितलं आणि दोन थर दिसले, तर वर नवं पेट्रोल किंवा १०० ऑक्टेन टाकून ते सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, नव्याने भरायची आणि पायरी ६ पासून पुन्हा नोंद सुरू करायची.